बेडका, बाटली आणि बेचाळीस दिवस
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

टीबीविषयी आलेल्या पत्रांत या वेळी एकच शब्द पुन्हा पुन्हा दिसला: कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू पोषक माध्यमात वाढवून पाहणे. बेडका कसा द्यायचा इथपासून रिपोर्ट वाचायचा कसा इथपर्यंतचे प्रश्न आहेत. उत्तरे सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणि छातीच्या विकारांच्या ओपीडीत काम करणाऱ्यांनी दिली आहेत.

डिचोली: बाबांचा बेडका आरोग्य केंद्रात ट्रूनॅटवर तपासला. टीबी आहे आणि तो रिफाम्पिसिनला दाद देणारा आहे, असे लगेच कळले. गोळ्याही सुरू झाल्या. मग पुन्हा कल्चर कशाला? आणि रिपोर्ट चवथीपूर्वी येईल का?

पहिली गोष्ट, गोळ्या सुरू झाल्या हे उत्तम झाले. त्या कल्चरच्या रिपोर्टसाठी थांबवायच्या नसतात.

ट्रूनॅट (हे यंत्र आपल्याच गोव्यातल्या, वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचे) बेडक्यातला क्षयजंतूचा डीएनए शोधते. दोन-अडीच तासांत ते दोन गोष्टी सांगते: जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन त्याच्यावर चालेल का. आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य गोळीबद्दल ही तपासणी काही सांगत नाही. ते पाहायला लाइन प्रोब, म्हणजे एलपीए, ही तपासणी लागते. बेडक्यात जंतू भरपूर असले तर एलपीए थेट बेडक्यावर होते. थोडे असले तर आधी ते वाढवावे लागतात, आणि वाढवणे म्हणजेच कल्चर. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमागे साधारण ५ ते १० हजार असावे लागतात. कल्चरला १० ते १०० जिवंत जंतू पुरतात.

आता वेळेचे. आतड्यातला साधा ई. कोलाय जंतू अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. क्षयजंतूला त्यासाठी १८ ते २४ तास लागतात. पहिला दिवसभरात बहात्तर वेळा दुप्पट होऊ शकतो, तर दुसरा जेमतेम एकदा. पुढच्या बहुतेक उत्तरांचे मूळ या संथपणातच आहे.

द्रव माध्यमात, म्हणजे एमजीआयटीच्या नळीत, जंतू बऱ्यापैकी असतील तर १० ते १४ दिवसांत वाढ कळते. कमी असतील तर तीन-चार आठवडे जातात. ४२ दिवस काहीच वाढले नाही तरच 'निगेटिव्ह' लिहितात. अंड्याच्या घट्ट माध्यमावर, म्हणजे एलजेवर, हीच मुदत आठ आठवड्यांची. पॉझिटिव्ह आल्यावर औषधांची चाचणी त्याच पद्धतीने करायची असेल तर आणखी ४ ते १३ दिवस धरा. तेव्हा चवथीचा हिशेब करताना बेडका दिल्याच्या तारखेऐवजी लॅबमध्ये पेरणी झाल्याच्या तारखेपासून मोजा. तिसऱ्या आठवड्यात फोन केल्यावर "अजून काही वाढलेले नाही" असे उत्तर मिळाले, तर त्याचा अर्थ तेवढाच घ्यायचा. तो निगेटिव्ह रिपोर्ट नव्हे.

फोंडा: माझा नमुना दोनदा "लाळ आहे, चालणार नाही" म्हणून परत आला. खोकला आहे, पण बेडका येतच नाही.

कल्चर फसण्याचे सगळ्यात साधे आणि सगळ्यात जास्त भेटणारे कारण हेच. लाळ तोंडातली, बेडका फुप्फुसातला. पातळ, फेसाळ आणि पाण्यासारखे असेल तर ती लाळ. बेडका दाट, चिकट, पिवळसर किंवा पांढुरका असतो. कधी त्यात रक्ताची रेघ असते. लाळेत क्षयजंतू क्वचितच सापडतो, तोंडातले इतर जंतू मात्र मुबलक असतात.

सकाळी उठल्या उठल्या, चहा-न्याहारीच्या आधी द्या. रात्रभर फुप्फुसात साचलेले तेव्हा वर येते. उकळून गार केलेल्या पाण्याने दोन-तीनदा खळखळून चूळ भरा. माउथवॉश नको, त्याने जंतू मरतात. नळाच्या किंवा विहिरीच्या कच्च्या पाण्याने चूळ भरली तर त्या पाण्यात राहणारे क्षयजंतूचे सहसा निरुपद्रवी भाऊबंद नमुन्यात शिरतात आणि पुढे रिपोर्टचा घोळ होतो. त्याबद्दल खाली पेडण्याच्या पत्रात सांगितले आहे.

मग मोकळ्या हवेत जा. अंगणात, गच्चीवर, घरातल्यांपासून दूर. बाथरूममध्ये किंवा बंद बाल्कनीत नको. बसून किंवा जरा पुढे वाकून दीर्घ श्वास घ्या, क्षणभर रोखा, सोडा. असे दोनदा करा, आणि तिसऱ्या श्वासाबरोबर पोटातून जोर लावून खोका. घसा खाकरून काढलेले उपयोगाचे नाही. बाटली खालच्या ओठाला टेकवून धरा, म्हणजे बाहेरच्या बाजूला काही ओघळणार नाही. कल्चरसाठी ३ ते ५ मिलिलिटर लागते, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. एका खेपेस एवढे येत नाही. दहा मिनिटे थांबून पुन्हा करा. झाकणाला आतून बोट लावू नका आणि फिरवून घट्ट लावा.

आदल्या रात्री भरपूर पाणी प्या आणि गरम पाण्याची वाफ घ्या, बऱ्याच जणांना त्याने मोकळे होते. तरीही आले नाही तर इस्पितळात ३ टक्के मिठाच्या द्रावणाची वाफ देऊन बेडका काढता येतो. तो प्रयोग घरी करायचा नाही: दम लागू शकतो, आणि उडणाऱ्या तुषारांतून इतरांना लागण होऊ शकते.

आणखी एक, आणि हे आम्ही कळकळीने सांगतो. रेंगाळलेल्या खोकल्यासाठी आधी फार्मसीतून लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्या डॉक्टरांना जरूर सांगा. या गोळ्या क्षयजंतूलाही मारतात, पण पुरते संपवत नाहीत. माणसाला चार दिवस बरे वाटते, कल्चर निगेटिव्ह येते, आणि आजार आत तसाच राहतो. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्याला आधी बेडक्याची तपासणी, मग अँटिबायोटिक.

काणकोण, आरोग्य केंद्रातील कर्मचारी: शुक्रवारी दुपारी बेडका मिळाला आणि नेणारा सोमवारी येणार असेल तर काय करावे? पावसात वीजही जाते.

मिळाल्याबरोबर २ ते ८ अंशांत ठेवा, पण लशींच्या फ्रिजमध्ये कधीही नको. फ्रीझरमध्येही नको. मधल्या कप्प्यात, बाटली उभी. तीन दिवसांत लॅबमध्ये पोचला तर कल्चरला चालतो. बाहेर टेबलावर राहिलेल्या बेडक्यात, आपल्याकडच्या उकाड्यात, तोंडातले जंतू दर अर्ध्या तासाने वाढत राहतात. त्यांना मारायला लॅबला जितके तीव्र रसायन वापरावे लागते तितके क्षयजंतूही मरतात. वीज गेली तर फ्रिज उघडू नका. फार वेळ गेली तर थर्माकोलच्या पेटीत गोठवलेले जेल पॅक घाला, पण पॅक आणि बाटली यांच्यामध्ये वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा, नाहीतर नमुनाच गोठेल.

नमुना ५० मिलिलिटरच्या, टोकदार तळाच्या, फिरकीच्या झाकणाच्या नळीत असावा. झाकणाभोवती पॅराफिल्मची पट्टी, बाहेर कापूस, मग झिपची पिशवी, मग पेटी. नाव, निक्षय क्रमांक (रुग्णाचा सरकारी टीबी-नोंदणी क्रमांक), तारीख आणि वेळ नळीच्या अंगावर लिहा. झाकणावर लिहू नका: लॅबमध्ये झाकणे उघडतात आणि अदलाबदल तिथेच होते. फॉर्म नमुन्याच्या पिशवीत कोंबू नका. गळलेल्या बेडक्याने भिजलेला फॉर्म वाचता येत नाही आणि हाताळताही येत नाही. लांबच्या प्रवासासाठी सीपीसी हे नमुना टिकवणारे रसायन घातलेल्या नळ्या दिल्या असतील तर त्या उलट थंड ठेवायच्या नाहीत. थंडीत सीपीसीचे स्फटिक होतात. शिवाय असा नमुना एमजीआयटीला चालत नाही, फक्त अंड्याच्या माध्यमावर घालतात. तेव्हा आपल्याकडच्या नळ्या कोणत्या, हे आधी विचारून घ्या.

मडगाव, लॅब टेक्नॉलॉजीची विद्यार्थिनी: बेडक्यावर कॉस्टिक का घालतात आणि वेळेबाबत इतके कडक का असतात? पुस्तकात पायऱ्या आहेत, कारणे नाहीत.

बेडका निर्जंतुक जागेतून येत नाही. तोंडातले जंतू तसेच पेरले तर ते दोन दिवसांत सगळे माध्यम खाऊन टाकतील आणि क्षयजंतूला वाढायला जागाच उरणार नाही. क्षयजंतूच्या भिंतीत मेणासारखी चरबी असते, त्यामुळे अल्कलीत तो इतरांपेक्षा जास्त वेळ तगतो. पण तो अमर नाही. इतर मेले आणि हा अजून जिवंत आहे, अशा त्या थोड्या मिनिटांवर सगळी पद्धत उभी आहे.

४ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड (म्हणजेच कॉस्टिक) आणि २.९ टक्के सोडियम सायट्रेट समप्रमाणात मिसळतात. दर १०० मिलिलिटरमागे अर्धा ग्रॅम एनएएलसी पावडर वापरायच्या वेळी घालतात. एनएएलसी बेडक्याची चिकटाई तोडते, पण हवेत तिचा जोर जातो. म्हणून द्रावण त्याच दिवशीचे हवे. कालचे वापरले तर बेडक्याच्या गाठी सुटत नाहीत आणि गाठीत लपलेले इतर जंतू वाचतात. जेवढा बेडका तेवढेच द्रावण घाला, म्हणजे हायड्रॉक्साइड शेवटी १ टक्का उरते. व्होर्टेक्सवर, म्हणजे नळी घुसळणाऱ्या यंत्रावर, १५ ते ३० सेकंद, मग नळी उलटी करून झाकणाच्या आतपर्यंत द्रावण पोचू द्या. तिथे लागलेला थेंब राहिला तर पुढे तोच सगळे बिघडवतो.

१५ ते २० मिनिटे. घड्याळ पहिल्या नळीत द्रावण पडल्यापासून सुरू होते, शेवटच्या नळीपासून नाही. म्हणून सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या गरगर फिरवून जंतू तळाला बसवणाऱ्या यंत्रात) एका वेळी मावतील तेवढ्याच नळ्या घ्या. वेळ झाली की ६.८ पीएचचा फॉस्फेट बफर ५० च्या खुणेपर्यंत भरा. त्याने अल्कलीचा जोर मोडतो आणि बेडकाही पातळ होतो, म्हणजे जंतू तळाला बसायला सोपे जातात.

पुढे सेंट्रिफ्यूजमध्ये ३००० जी वर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला जोर) १५ ते २० मिनिटे. इथे नवशिक्यांची हमखास चूक होते: ३००० जी म्हणजे ३००० फेरे नव्हेत. रोटरची (फिरणाऱ्या भागाची) त्रिज्या १७ सेंटिमीटर असेल तर ३००० जी साठी मिनिटाला जवळपास ४००० फेरे लागतात. ३००० फेऱ्यांवर जेमतेम १७०० जी मिळते. मेणामुळे क्षयजंतू हलका असतो, तळाला बसायला नाखूश. जोर कमी पडला की तो वरच्या पाण्याबरोबर ओतला जातो, आणि आजारी माणसाचा रिपोर्ट निगेटिव्ह जातो. सेंट्रिफ्यूज तापत असेल तर त्या उष्णतेनेही जंतू मरतात.

सेंट्रिफ्यूज थांबल्यावर त्यातल्या नळ्यांच्या बंद बादल्या सुरक्षा कॅबिनेटमध्येच उघडा, तेही ५ ते १० मिनिटे थांबून. वरचे पाणी जंतुनाशकात ओता, तळाचा गाळ १ ते २ मिलिलिटर बफरमध्ये मिसळा. त्यातले अर्धा मिलिलिटर एमजीआयटीच्या नळीत, दोन-तीन थेंब एलजेवर आणि एक स्मिअर, म्हणजे सूक्ष्मदर्शकासाठी काचपट्टीवर पसरलेला पातळ थर. एमजीआयटीच्या नळीत ७ मिलिलिटर माध्यम असते. त्यात वाढीचे पोषण आणि पँटा हे पाच प्रतिजैविकांचे मिश्रण, दोन्ही मिळून ०.८ मिलिलिटर, नमुन्याच्या आधी घालायचे. पँटा विसरले की ती नळी गेलीच समजा.

बफरची एक मोठी बाटली सगळ्या नळ्यांना टेकवत फिरवू नका. एका पॉझिटिव्ह नमुन्याचा तुषार त्या तोंडाला लागला की पुढच्या निरोगी माणसाला टीबी असल्याचा रिपोर्ट जाऊ शकतो आणि तो सहा महिने विनाकारण गोळ्या खाईल. प्रत्येक नमुन्याला स्वतंत्र बफर ठेवा, एका वेळी एकच झाकण उघडा. प्रत्येक खेपेत नुसत्या निर्जंतुक बफरची एक नळी त्याच सगळ्या पायऱ्यांतून काढा. ती पॉझिटिव्ह आली तर त्या खेपेतला एकही पॉझिटिव्ह तपासल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका.

एमजीआयटीच्या तळाशी प्राणवायूला संवेदनशील असलेला रुथेनियमचा थर असतो. जंतू प्राणवायू वापरू लागले की अतिनील प्रकाशात तो नारिंगी चमकतो. यंत्र तेवढेच पाहते. कोण वाढले हे त्याला कळत नाही, ते तुमच्या डोळ्यांनी पाहा. नळी प्रकाशात धरा. पेज निवळल्यावर खाली कणी बसते तसे कण तळाशी आणि वरचे पाणी स्वच्छ, तर बहुधा क्षयजंतू. सगळीच नळी ताकासारखी गढूळ झाली असेल तर दुसरेच काही शिरले आहे. तरी झेडएन रंग (त्यात क्षयजंतू लाल दिसतो) देऊन दोरखंडासारखे पीळ पाहायचेच, ब्लड अगारवर ४८ तास घालून दुसरे काही वाढते का ते बघायचे आणि क्षयजंतूचे प्रथिन ओळखणारी एमपीटी ६४ ची पट्टी लावायची. पट्टीचे उत्तर १५ मिनिटांत मिळते. एलजेच्या हिरव्या उतारावर (हिरवा रंग मॅलाकाइट ग्रीनचा, तेही इतर जंतूंना दाबायला) वसाहती कोरड्या, खरखरीत, सायीच्या रंगाच्या, फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या दिसतात. तारेच्या लूपने उचलायला गेलात की त्या मऊ लागत नाहीत, चुरा होतो आणि पाण्यात सहज मिसळत नाहीत. हा स्पर्श हाताला एकदा कळला की विसरत नाही.

म्हापसा: आईच्या रिपोर्टवर 'कंटॅमिनेटेड' लिहिले आहे. तिला आणखी कसला जंतुसंसर्ग झाला का?

नाही. नमुन्यात दुसरेच जंतू वाढले, म्हणून क्षयजंतू आहे की नाही हे सांगता आले नाही, एवढाच त्याचा अर्थ. हा निगेटिव्ह रिपोर्टही नव्हे. नवा नमुना द्या, वर सांगितल्याप्रमाणे चूळ भरून. चांगल्या लॅबमध्येही द्रव माध्यमाच्या शंभरातल्या आठ-दहा नळ्यांचे असे होते. एकही नळी कधीच बिघडत नाही असे कुणी सांगितले तर तिथे रसायन फार कडक वापरत असतील, अशी शंका घ्यावी.

वास्को: भावाच्या मानेतली गाठ काढून तपासायला दिली. आता डॉक्टर म्हणतात कल्चरही हवे होते, पण गाठ फॉर्मेलिनमध्ये आहे.

फॉर्मेलिनमध्ये सगळे जंतू मरतात, त्या तुकड्यावर कल्चर होत नाही. हे नुकसान टाळता येण्यासारखे असते, म्हणून जास्त खटकते. शस्त्रक्रियेच्या आधीच सर्जनना सांगायचे: गाठीचे दोन तुकडे करा, एक फॉर्मेलिनमध्ये बायोप्सीला, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चरला आणि ट्रूनॅटसारख्या तपासणीला. सलाइन तुकडा ओला राहील एवढेच. तुमच्या भावाच्या गाठीत पू उरला असेल किंवा शेजारी दुसरी गाठ असेल तर सुईने ओढून तो नमुना अजूनही पाठवता येईल. कापसाच्या बोळ्यावर घेतलेला पू चालत नाही, सिरिंजमधलाच द्या.

सांगे: चार वर्षांची मुलगी बेडका काढू शकत नाही. मग?

लहान मुले बेडका गिळतात. म्हणून पहाटे, उपाशीपोटी, अंथरुणातून उठायच्या आत नाकातून नळी घालून पोटातला द्रव काढतात. ५ ते १० मिलिलिटर पुरतो. पोटातल्या आम्लात जंतू मरतो, त्यामुळे त्यात लगेच सोडियम बायकार्बोनेट घालावे लागते आणि चार तासांच्या आत लॅबमध्ये प्रक्रिया व्हावी लागते. हे इस्पितळातच करावे. शौचाच्या नमुन्यावर डीएनएची तपासणीही होते, मुलीला त्याचा काही त्रास नाही. तुमच्या डॉक्टरांना दोन्हींबद्दल विचारा.

साखळी: खासगी लॅबवाले म्हणतात रक्तातून टीबी कळतो. मग एवढे कल्चर-बिल्चर कशाला?

रक्तातल्या अँटिबॉडी पाहून टीबीचे निदान करणाऱ्या किटवर भारत सरकारने जून २०१२ मध्ये बंदी घातली, कारण त्या निरोग्याला आजारी आणि आजाऱ्याला निरोगी ठरवत होत्या. टीबी गोल्ड, म्हणजे इग्रा, ही वेगळी तपासणी. शरीराची क्षयजंतूशी कधीतरी गाठ पडली होती का, एवढेच ती सांगते. आज आजार आहे का, हे तिच्यावरून ठरत नाही. नुसत्या तिच्या पॉझिटिव्हवर टीबीच्या आजाराच्या गोळ्या सुरू करू नका.

पेडणे: कल्चर पॉझिटिव्ह, पण खाली 'एनटीएम' लिहिले आहे. टीबीच्या गोळ्या घ्यायच्या का?

एनटीएम हे क्षयजंतूच्याच कुळातले, पण माती-पाण्यात राहणारे जंतू. कल्चरमध्ये वाढतात, झेडएनमध्ये लाल दिसतात, पण एमपीटी ६४ ची पट्टी निगेटिव्ह येते. काही जाती तर सात दिवसांच्या आतच वाढतात. एकाच बेडक्यात एकदा सापडले तर बहुतेक वेळा ते पाण्यातून आलेले असतात. फुप्फुसात खरेच आजार आहे असे म्हणायला तोच जंतू निदान दोन वेगवेगळ्या बेडक्यांत सापडावा लागतो, शिवाय लक्षणे आणि सीटी जुळावे लागतात. टीबीच्या नेहमीच्या गोळ्या यांतल्या अनेक जातींवर चालतच नाहीत. तेव्हा घाईने सुरू करू नका. दुसरा नमुना द्या, रिपोर्ट घेऊन छातीच्या डॉक्टरांना भेटा आणि जंतूची नेमकी जात विचारा.

कुडचडे: पाच महिने गोळ्या नेमाने घेतल्या, वजन वाढले, खोकला गेला. घरच्यांच्या आग्रहाने खासगीत पुन्हा डीएनएची तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. औषध लागू पडले नाही का?

घाबरू नका आणि गोळ्या सोडू नका. मेलेल्या जंतूचा डीएनए फुप्फुसातून महिनोन्महिने बाहेर पडत असतो आणि यंत्राला जिवंत-मेलेला हा फरक कळत नाही. म्हणून उपचार कसे चाललेत हे पाहायला ती तपासणी वापरत नाहीत. त्यासाठी दोन महिन्यांनी आणि उपचाराच्या शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली बेडका पाहतात. तिथेही कधी मेलेले जंतू दिसतात. अशा वेळी निकाल कल्चरच देते, कारण मेलेला जंतू वाढत नाही. वाढला तर औषधांना दाद देतो का, याची चाचणी त्याच वाढलेल्या जंतूवर होते. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या रुग्णांचे कल्चर उपचाराच्या काळात पुन्हा पुन्हा करतात, तेही याच कारणाने.

तुमच्या केंद्रात हा रिपोर्ट दाखवा आणि स्मिअर करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर कल्चर मागा. फॉर्मवर उपचाराचा कितवा महिना आहे हे लिहिले आहे ना, तेही पाहून घ्या. ते नसेल तर लॅब तुमचा नमुना नव्या रुग्णाचा समजेल आणि नुसत्या डीएनएवर पुन्हा 'पॉझिटिव्ह' लिहून मोकळी होईल.